नेरळ–माथेरान मिनी ट्रेन: एका दिवसाच्या कौटुंबिक सहलीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका दिवसात जाऊन परत येता येतं का?

येतं, पण जाताना आणि येताना दोन्ही वेळा नेरळपर्यंतची पूर्ण गाडी धरायचा हट्ट नको. नेरळहून सकाळी दोन गाड्या सुटतात, पहिली पावणेनऊच्या आणि दुसरी साडेदहाच्या सुमारास. वर पोचायला साधारण दोन तास चाळीस मिनिटं लागतात. परतीच्या दोन गाड्या दुपारी पावणेतीनच्या आणि चारच्या आसपास निघतात. पहिल्या गाडीने गेलात तर माथेरानात उतरेपर्यंत साडेअकरा झालेले असतात. पावणेतीनची परतीची गाडी धरायची तर तिकिटाच्या रांगेत दोनच्या आधी उभं राहायला हवं. म्हणजे हातात राहतात जेमतेम अडीच तास, त्यात जेवणही उरकायचं. मुलं दिवसातले पाच-साडेपाच तास डब्यातच काढणार. रेल्वेवेड्या माणसाला ते स्वर्गच वाटेल; सात वर्षांच्या मुलाला वाटेलच असं नाही.

आमचा सल्ला: एक फेरी पूर्ण गाडीने, दुसरी फेरी शटल (अमन लॉज ते माथेरान एवढ्याच अंतरात फेऱ्या मारणारी गाडी) आणि टॅक्सीने. वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. निघायच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेची ताजी सूचना बघा.

मग ट्रेन जाताना धरावी की येताना?

जाताना. सकाळी मुलं ताजी असतात, ऊन कोवळं असतं आणि नेरळला तिकीट नाहीच मिळालं तर टॅक्सीने वर जायचा पर्याय उरतो, दिवस वाया जात नाही. उलट केलंत आणि माथेरानला तिकीट हुकलं, तर थकलेली मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन संध्याकाळी शटल, टॅक्सी, लोकल अशी धावपळ होते. शिवाय चारच्या गाडीने नेरळला उतरेपर्यंत पावणेसात होतात. तिथून पुढे मुंबईची लोकल.

तिकीट ऑनलाइन काढता येतं का?

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. नेरळ–माथेरान गाडीचं नेहमीचं तिकीट आगाऊ मिळत नाही. गाडी सुटायच्या साधारण पाऊण तास आधी स्टेशनावरची खिडकी उघडते आणि जागा असतील तेवढीच तिकिटं दिली जातात. परतीचं तिकीट नेरळला मिळत नाही, ते माथेरानच्या खिडकीवरच काढायचं.

गाडी पाच-सहा डब्यांची आणि डबेही छोटे. त्यामुळे शनिवार-रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळच्या आठवड्यात खिडकी उघडायच्या आधीच रांग पुरेशी लांबलेली असते. अशा दिवशी पावणेनऊच्या गाडीसाठी सात वाजता रांगेत असलेलं बरं. मंगळवार ते गुरुवार आलात तर थोडं सैल वागायला हरकत नाही. एकाने रांगेत थांबावं, बाकीच्यांनी तेवढ्यात स्टेशनाबाहेर वडापाव-चहा उरकावा. रांगेतल्या माणसाकडे सुटे पैसे असावेत आणि त्याला मुलांची वयं पाठ असावीत. खिडकीवर पोचल्यावर घरी फोन करून वय विचारणारे लोक मागच्यांच्या शिव्या खातात.

भाडं किती?

अलीकडच्या हंगामांत नेरळ ते माथेरान दुसऱ्या वर्गाचं भाडं शंभर रुपयांच्या आत आणि पहिल्या वर्गाचं तीनशेच्या वर राहिलं आहे. मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा जोडलेला असेल तर त्याचं भाडं याहून बरंच जास्त. शटल त्या मानाने स्वस्त. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला मुलांचं भाडं.

माथेरान नगरपरिषदेचा प्रवासी कर यात धरलेला नाही, तो वेगळा भरावा लागतो. त्याची पावती दिवसभर खिशात ठेवा.

पहिल्या वर्गासाठी जास्तीचे पैसे द्यावेत का? सोबत वयस्कर माणसं असतील तर जरूर, पावणेतीन तासांत बरी गादी आणि मोकळी जागा यांची किंमत कळते. नाहीतर दुसऱ्या वर्गाच्या उघड्या खिडकीतून येणारा वारा काचेच्या डब्यापेक्षा आम्हाला बरा वाटतो.

तिकीट नाहीच मिळालं तर?

नेरळ स्टेशनाबाहेर दस्तुरी नाक्याच्या, म्हणजे वर जिथे मोटारींचा रस्ता संपतो तिथल्या, शेअर टॅक्सी उभ्या असतात. घाटरस्ता सात-आठ किलोमीटरचा, वीस-पंचवीस मिनिटांत वर. दस्तुरी नाक्यापासून पाच-सात मिनिटं चाललं की अमन लॉज स्टेशन लागतं. तिथून माथेरानपर्यंत शटल गाडी दिवसभर फेऱ्या मारते. अंतर तीन किलोमीटरच्या आत, वेळ वीस मिनिटांच्या आसपास. रूळ तेच, गाडीही त्याच जातीची. घाटाची वळणं आणि बोगदा मिळत नाही, पण जंगलातून डुलत जाण्याची मजा मिळते. चार वर्षांच्या मुलासाठी खरं तर एवढी ट्रेन पुरेशी आहे.

शटल संध्याकाळी लवकर संपते. उतरल्या उतरल्या माथेरान स्टेशनवरचा फलक बघून शेवटच्या फेरीची वेळ मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. शेवटच्या फेरीला गर्दी जास्त असते, तिच्या आधीची धरायचं ठरवा.

दस्तुरीला कोणी "ट्रेन बंद आहे" असं सांगितलं तर?

ऐकून घ्या आणि अमन लॉजच्या खिडकीपर्यंत स्वतः चालत जा. स्टेशन लांब आहे, गाडी आज नाही, घोड्याशिवाय पोचता येत नाही, अशा गोष्टी नवख्या पर्यटकाला सांगितल्या जातात. रांग खरोखर मोठी असेल तर रुळांच्या कडेने सावलीतून बाजारपेठेपर्यंत चालत जायला पाऊण तास लागतो, चढ नावापुरताच. ई-रिक्षाही मिळते, पण त्यांची संख्या थोडी आणि रांग मोठी. घोडा घ्यायचा असेल तर दरपत्रक बघा आणि कुठून कुठे, किती वेळ, किती पैसे हे मूल घोड्यावर बसायच्या आधी ठरवा.

नेरळला लोकलने कसं यायचं?

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल. सीएसएमटीपासून दोन तासांच्या आसपास, ठाण्याहून सव्वा तास. बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. दोन चुका नेहमी होतात. एक, अंबरनाथ किंवा बदलापूर लोकलमध्ये बसणं. ती नेरळच्या आधीच संपते. दुसरी जास्त महाग पडते: कसारा लोकल. ती कल्याणनंतर नाशिककडे वळते, चूक कळेपर्यंत टिटवाळा आलेलं असतं आणि सकाळची गाडी हुकते.

पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला उतरावं आणि मुंबईकडे जाणारी लोकल धरावी. भिवपुरी रोडनंतरचंच स्टेशन नेरळ. पण पुण्याहून त्याच सकाळी निघून पावणेनऊची मिनी ट्रेन धरणं अवघड आहे, साडेदहाचीच आशा ठेवा.

रविवारी मेगाब्लॉक बघायला विसरू नका. मध्य रेल्वेचा ब्लॉक सहसा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो. जाताना त्रास होत नाही, पण दुपारी परतायचं असेल तर लोकल उशिराने आणि खच्चून भरलेल्या येतात.

स्वतःची गाडी नेली तर?

दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी वाहनांना बंदी आहे. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि वाहनबंदी तर त्याच्याही आधीपासूनची. गाडी दस्तुरीच्या पैसे देऊन वापरायच्या वाहनतळावर लावायची. सुट्टीच्या दिवशी तो सकाळी दहा-अकरापर्यंत भरतो. मग घाटात गाड्यांची रांग लागते आणि पोलिस खालीच थांबवतात.

घाट आखूड आहे पण खडा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चढायचं. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी तोलत धरली की क्लच प्लेट जळल्याचा वास येतो. थांबायची वेळ आली तर हँडब्रेक लावा. उतरताना न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायचं डोकं चालवू नका, ब्रेक तापून सैल पडतात.

पूर्ण ट्रेनचा प्रवास करायचा असेल तर गाडी नेरळलाच ठेवावी लागेल. दस्तुरीला ठेवलीत तर ट्रेन खालून सुटणार, तुम्ही वर.

पावसाळ्यात ट्रेन चालते का?

नेरळ ते अमन लॉज साधारण जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत बंद असते. अमन लॉज–माथेरान शटल पावसातही चालते, फार मोठा पाऊस झाला तर तीही थांबते. पुन्हा सुरू व्हायची तारीख दरवर्षी बदलते, कारण आधी रूळ, दरडी आणि मोऱ्या (रुळांखालून पाणी जायच्या वाटा) तपासून, मोकळी गाडी चालवून बघावी लागते. ऑक्टोबर संपता संपता बेत आखत असाल तर गाडी सुरू झाल्याची बातमी आल्याशिवाय मुलांना शब्द देऊ नका.

ही खबरदारी उगाच नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात या मार्गाची वाताहत झाली आणि तो पूर्ववत व्हायला २००७ उजाडलं, नेमकं शताब्दीचं वर्ष. २०१९ च्या पावसाने पुन्हा तेच केलं. त्यानंतर नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. डोंगरउतारावर कापून काढलेल्या अरुंद पट्टीवर रूळ आहेत. वरून येणाऱ्या पाण्याला मोरी पुरली नाही की ते रुळांखालची खडी आणि माती घेऊन खाली जातं. रूळ तसेच हवेत लोंबकळत राहतात. दुरुस्तीला नेमका इथेच वेळ जातो, कारण आधी खालचा आधार बांधायचा, मग खडी, मग स्लीपर.

एकवीस किलोमीटरला पावणेतीन तास? एवढी हळू का?

नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरच्या आसपास, वरचं स्टेशन साडेसातशेच्या वर. ही उंची चढताना काही ठिकाणी चढ विसाला एक आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मोटारीला हा चढ काहीच नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, पकड फार कमी. दर दहा टन वजनामागे अर्धा टन जोर फक्त चढ चढण्यासाठी लागतो, वळणाचं घर्षण वेगळं. रुळांवर दव असेल किंवा वाळकी पानं चिरडून त्यांचा बुळबुळीत थर झाला असेल तर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात. त्यावर उपाय वाळूचा. चाकांपुढे रुळावर वाळू सोडली की पकड मिळते. गाडीला डबे थोडे का, याचंही उत्तर हेच.

वळणं हे दुसरं कारण. सगळ्यात अवघड वळणाची त्रिज्या ६० फूट, म्हणजे जेमतेम १८ मीटर. अशा वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब पडतो, पण दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली. त्यामुळे एक चाक थोडं घासत जातंच. डब्यात जो कर्कश आवाज येतो तो याचा. काही बिघडलेलं नसतं.

म्हणूनच रस्ता सात-आठ किलोमीटरमध्ये दस्तुरी गाठतो आणि रेल्वेला तेवढीच उंची चढायला सतरा-अठरा किलोमीटर वळसे घ्यावे लागतात.

वाटेत काय बघायचं? कुठल्या बाजूला बसायचं?

बाजूवरून भांडू नका. गाडी डोंगराला इतक्यांदा वळसा घालते की दरी कधी डावीकडे, कधी उजवीकडे येते.

नेरळ सोडल्यावर गाडी थोडा वेळ मुंबई–पुणे लाइनच्या शेजारून जाते, मग हरदाळ टेकडीजवळ डोंगराकडे वळते. जुम्मापट्टीला घाटरस्ता भेटतो. पुढे भेकरा खुडाजवळ रस्ता पुन्हा जवळ येतो. त्यानंतर खरा चढ. दार्जिलिंगसारखी इथे गाडी मागेपुढे करत चढत नाही. ते टाळण्यासाठी घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा भराव घातला आहे. या वळणावर खिडकीतून पाहिलं तर आपण नुकतेच आलो ते रूळ खाली दिसतात. मुलांना हेच दाखवा, नकाशापेक्षा लवकर समजतं. पुढे मार्गावरचा एकुलता एक बोगदा, वन किस टनेल. मुलं नावाचा अर्थ विचारेपर्यंत बोगदा संपलेला असतो. मग वॉटर पाइप स्टेशन, आणखी वळणं, पॅनोरमा पॉइंटकडचे खोल कटिंग, अमन लॉज आणि माथेरान.

२०१६ मध्ये अपघात झाले होते. आता सुरक्षित आहे का?

मे २०१६ मध्ये अमन लॉज आणि माथेरानच्या दरम्यान काही दिवसांच्या अंतराने डबे दोनदा घसरले आणि सेवा थांबवली गेली. शटल ऑक्टोबर २०१७ च्या शेवटी आणि नेरळपासूनची गाडी जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा धावली. मधल्या काळात डब्यांना एअर ब्रेक बसवले, दरीच्या बाजूला संरक्षक कठडे उभारले.

आता जो धोका आहे तो बहुतेक प्रवासी स्वतः ओढवून घेतात. गाडी चालण्याच्या वेगाने जाते म्हणून लोक फोटोसाठी उडी मारून उतरतात. दरीच्या बाजूला उतरायला पाऊलभर जागाही नसते आणि निसरड्या खडीवर पाय मुरगळला तर पुढचं स्टेशन येईपर्यंत मदत नाही. खिडकीबाहेर हात काढू देऊ नका. कटिंगमध्ये दगड हाताच्या अंतरावर असतो. खिडकीजवळच्या मुलाच्या हातात मोबाइल देऊ नका.

वाफेचं इंजिन दिसेल का?

नेहमीच्या गाडीला डिझेल इंजिन असतं. वाफेची चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने बनवली होती. त्यांच्या टोकाच्या आसांना थोडं बाजूला सरकता येईल अशी रचना होती, नाहीतर साठ फुटी वळण त्यांना घेताच आलं नसतं. १९५० च्या दशकात डिझेल इंजिनं आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची निवृत्त झाली. नेरळ स्टेशनाच्या आवारात एक जुनं वाफेचं इंजिन मांडून ठेवलं आहे. तिकिटाची रांग लागलेली असताना मुलांना तिकडे न्या, वेळ बरा जातो.

ही रेल्वे कोणी बांधली?

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून. खर्च सोळा लाख रुपये, काम १९०४ ते १९०७. २२ मार्च १९०७ ला वाहतूक सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट.

ती युनेस्कोच्या यादीत आहे ना?

नाही. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या तीन पर्वतीय रेल्वे जागतिक वारसा आहेत. माथेरानचं नाव भारताच्या संभाव्य यादीत आहे. समाजमाध्यमांवर काहीही फिरतं.

डब्यात शौचालय आहे का? मुलांना गाडी लागते का?

शौचालय नाही. नेरळला गाडी सुटायच्या आधी सगळ्यांना घेऊन जाऊन या, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यालाही. वाटेतल्या स्टेशनांवर गाडी थोडा वेळ थांबते, पण तिथल्या सोयीवर भिस्त ठेवू नका.

वेग कमी असला तरी सतत वळणं असतात, त्यामुळे काही मुलांना मळमळतं. रिकाम्या पोटी बसवू नका आणि तळकट खायलाही घालू नका. पोहे किंवा इडली ठीक. खिडकीजवळ बसवून लांबचा डोंगर बघायला सांगा. आवळ्याची सुपारी आणि दोन-तीन कागदी पिशव्या जवळ असू द्या.

सोबत काय घ्यावं?

सामान कमीत कमी, डब्यात ठेवायला जागा नाही. माणशी एक लिटर पाणी, टोपी, बंद बूट. माथेरानची माती जांभ्याची, लाल. पांढरे कपडे आणि पांढरे बूट संध्याकाळी वीटकरी होतात आणि तो रंग धुऊनही पूर्ण जात नाही. दम्याचा त्रास असेल तर मास्क हवाच. सुट्टीच्या दिवशी घोड्यांच्या टापांनी धूळ सारखी उडत असते. रोख पैसे ठेवा.

पिशवी चेन लावलेली असावी. माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ म्हणजे खाऊ हे पक्कं ठाऊक आहे. चिक्कीची पिशवी हातात लोंबकळत नेली तर ती गेलीच समजा. हिसकावली तर ओढाताण करू नका, सोडून द्या.

आजी-आजोबांना झेपेल का?

ट्रेन झेपते; माथेरान स्टेशन भर बाजारपेठेतच आहे, त्यामुळे उतरल्यावर लगेच बसायला, जेवायला जागा सापडते. अवघड जातात ते पॉइंट. गुडघ्यांचा त्रास असेल तर जवळचा खंडाळा पॉइंट बघून हॉटेलात आराम हा बेत चांगला. वर मोटार नाही हे मात्र लक्षात घ्या. आजारी पडल्यास दस्तुरीपर्यंत न्यायला वेळ लागतो, तेव्हा रोजची औषधं बरोबर हवीत.

चार तासांत माथेरानात काय होतं?

जेवण धरून तीन ठिकाणं. बाजारातून निघून इको पॉइंट, तिथून शार्लोट लेक आणि काठचं पिसारनाथाचं देऊळ, परत येताना वेळ उरला तर खंडाळा पॉइंट. सगळं सावलीतल्या पायवाटांनी. शार्लोट लेकचं पाणी गावाला पिण्यासाठी जातं, त्यात पाय बुडवायचे नाहीत. पॅनोरमा पॉइंट लांब आहे आणि त्याची मजा सूर्योदयाला. एका दिवसाच्या सहलीत तो सोडा. सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंटला थांबलात तर शेवटची शटल बहुधा चुकते.

शटल चुकली तर?

अंधार पडायच्या आत चालायला लागा. बाजारपेठ ते दस्तुरी मुलांसह एक तास धरा, टॉर्च जवळ ठेवा आणि रुळांमधून न चालता शेजारच्या वाटेने चला. उशीर झाला की शेअर टॅक्सी भरायला वेळ लागतो. पाच-सहा जणांचं कुटुंब असेल तर अख्खी टॅक्सी करून खाली उतरलेलं बरं. नेरळहून मुंबईकडे लोकल रात्री उशिरापर्यंत आहेत, पण दोन लोकलमधलं अंतर मोठं असतं, म्हणून टॅक्सीत बसतानाच पुढच्या लोकलची वेळ बघून घ्या.